लाखोळीवर आळ

लाखोळीची डाळ ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भंडाऱ्याकडे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तिचं बी फेकून देतात. धान कापून नेलं की मागे ती आपली आपण वाढते, ना नांगर ना पाणी. डाळ दिसायला तुरीसारखी, जरा चपटी. तिचे गरम वडे खाताना माणूस मोजत बसत नाही. आणि तिच्याबद्दलची आणखी एक गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वाईट वर्षांत ज्यांना दुसरं काहीच मिळालं नाही, ज्यांनी महिनोन्महिने नुसती लाखोळीच खाल्ली, त्यांच्यातले काही जण पायांनी अधू झाले, कायमचे काठीवर आले.

ही दुसरी गोष्ट मला उशिरा कळली, आणि अर्धीच कळली. त्या अर्ध्या कळण्यापायी मी एका घरचं अन्न नाकारलं. त्याची लाज मला अजून वाटते.

मी मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. सातवीत शाळा सोडली. पुढे काही वर्षांनी गावच्या एका ओळखीच्या माणसाचं बोट धरून भंडाऱ्याकडच्या चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर आलो आणि पंपावर खलाशी झालो. जमिनीखाली खडकातून पाणी सारखं झिरपत असतं. ते एका हौदात गोळा होतं. हौद भरून वाहायच्या आत ते पंपाने वर फेकायचं, एवढंच माझं काम. आमच्या माणात बायका पाण्याच्या हंड्यासाठी दोन-दोन मैल चालायच्या. मी आईला पत्रात लिहिलं की इथं पाणी फेकून द्यायला माणूस ठेवतात. तिने उलट पत्र लिहवून घेतलं, "खरं काम काय करतोस ते सांग."

कॉलनीत माझ्या शेजारच्या खोलीत एक जोडपं राहायचं. नवरा खाली छताला लाकडाचे टेकू लावायच्या कामावर. मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी लाखांदूरकडच्या, त्यांचं सासर-माहेर दोन्ही तिकडचंच, बौद्ध घर. दर वर्षी त्यांचा भाऊ एसटीच्या टपावर टाकून लाखोळीचं पोतं आणायचा. मी एकटा, स्टोव्हवर जळका भात करून खातो हे त्यांनी आठ दिवस पाहिलं आणि नवव्या दिवशी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या खोलीतून जो वास येऊन राहिला, त्यानं माह्या कोंबड्या पळून राहिल्या. उद्यापासून इकडेच जेवा." तेव्हापासून सहा वर्षं मी त्यांच्या पंक्तीला. सहा वर्षांत एकदाही माझं ताट दादांच्या ताटापेक्षा रिकामं नव्हतं.

तर आता माझ्या पायाच्या अंगठ्याचं. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिशीला आलो होतो. एका सोमवारी पहाटे पायात निखारा ठेवल्यासारखं होऊन जाग आली. उजव्या पायाच्या अंगठ्याचं मूळ टोमॅटोसारखं लाल, तकतकीत. अंगावरची चादर त्याला लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटलं इंगळी चावली. पण डंखाची खूण कुठेच नव्हती. गमबूट घालायला गेलो आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून दादा धावत आले.

त्या दिवशी कामाची पाळी बुडाली. चार-पाच दिवसांत सूज आपोआप उतरली, कातडीचा पापुद्रा निघाला आणि मी परत खाली गेलो. जेवणाच्या सुट्टीत मी पायाची कहाणी सांगितली. एक जण विडी पेटवत म्हणाला, "कोन्त्या घरी जेवता? लाखोरी खाता का रोज?"

"व्हय. का?"

"का म्हंजे? आमच्या मोठ्या बापाचे पाय गेले ना लाखोरीनं! असंच हळूहळू होते. आधी अंगठा, मंग घोटा, मंग काठी." बाकीचे हसले. तो गंमत करत होता की खरं सांगत होता हे मला आजही माहीत नाही. पण मी हसलो नाही.

मला भीती लवकर लागते. लहानपणापासूनच तसा आहे. आणि ही भीती साधी नव्हती. आमच्या खाणीत पंपापर्यंत उतरायला उभ्या शिड्या होत्या. पाय गेला की शिडी गेली, शिडी गेली की पंप गेला, आणि पंप गेला की माझ्याकडे परत जायला काय होतं? माणातलं ते कोरडं रान, आणि सातवीचा दाखला. त्या दिवसापासून मी शिडीच्या प्रत्येक पायरीवर उजव्या अंगठ्याला विचारायचो, आहेस ना बाबा?

आणि मी लाखोळी बंद केली. तेही सरळ सांगून नाही. वहिनींना म्हणायचो, "आज पोटात बरं न्हाई." दुसऱ्या दिवशी, "आज मित्राकडं जेवलो." मग तिठ्यावरच्या हॉटेलात भजी-पाव खायला लागलो. ज्या घरी लाखोळी शिजते तिथे पोळी-भाजी खाणंही मला धोक्याचं वाटायचं. असली ही अक्कल.

दोन महिन्यांनी अंगठा पुन्हा पेटला. म्हणजे लाखोळी सुटून दोन महिने झाले होते. शहाण्या माणसाने तिथेच ओळखलं असतं. मला वाटलं, जुनं विष अजून निघतंय.

त्या वेळी वहिनी खोलीत आल्या. हातात ताट. मी कॉटवर, पाय उशीवर.

"सांगा आता, काहून येत नाई जेवाले?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ह्यांनी सांगतलं मले. तुमाले वाटते माह्या लाखोरीनं पाय गेला. असं?" त्यांनी ताट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "माही सासू सत्तरीची हाये. जन्मभर लाखोरी खाल्ली. आजही पोरींच्या पुढं रोवना करते, चिखलातून पाय उपसत. तिचे पाय नाई गेले. तुमी सहा वर्षं खाल्ली अन् तुमचा अंगठा गेला? लाखोरीले तुमचाच अंगठा सापडला का बापा?"

"वैनी, मी..."

"भूक माराले नुसती लाखोरी खाल्ली त्याइचे पाय गेले. आमी भातासंग, भाजीसंग खातो. अन् तुमच्या ताटात मी काय टाकीन, याचा तुमाले भरोसा नाई राह्यला, हे बोला." त्या दाराशी गेल्या आणि परत वळल्या. "उद्या दवाखान्यात जा. नाई गेले तं ह्याइले सांगून खांद्यावर टाकून नेते."

दवाखान्यात मी एवढे दिवस का गेलो नव्हतो? तर दवाखाना खाणीचाच, तिथे नाव लागलं की 'अनफिट'चा शिक्का बसतो आणि काम जातं, ही माझी दुसरी भीती. दुसऱ्या दिवशी दादांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, पाय हवेत धरून गेलो.

डॉक्टर नागपूरकडचे, पिकल्या केसांचे. त्यांनी अंगठ्याला हात लावला नाही, नुसता लांबून पाहिला. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी झालो.

"पहिल्यांदा सुजला त्याच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"लाखोळीचे वडे," मी लगेच म्हणालो.

"अन् काय?"

"थोडी कलेजी. रविवार होता."

"अन्?"

मी दादांकडे पाहिलं. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागले.

"मोहाची," मी म्हणालो.

"किती?"

"मोजली न्हाई."

"म्हणजे कलेजी झाली, मोहाची झाली, अन् चोर कोण? तर वडे!" डॉक्टर हसले. मग विचारलं, खाली पाणी किती पितोस? मी खरं सांगितलं, मागे एकदा मुतखडा झाला होता तेही. खाली कुणीच पाणी पीत नव्हतं. प्यायलं की लघवीला जावं लागतं, त्यासाठी काम सोडून लांबच्या कोपऱ्यात नाहीतर शिड्या चढून वर जायचं, त्यावरून बाकीचे चेष्टा करणार. म्हणून पाळीला उतरण्याआधी घोटभर आणि वर आल्यावर लोटाभर, अशी सगळ्यांचीच सवय. आठ तास घामाने भिजायचं आणि ओठ कोरडे. दिवसभर पाणी फेकणारा मी, स्वतः तहानलेला असायचो.

त्यांनी रक्त काढून तपासायला बाहेर पाठवलं आणि पायाची सूज उतरायला एक गोळी दिली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. कागदावर एका आकड्याभोवती गोल केला होता. साडेनऊ. तो सहाच्या आत हवा होता.

"याला युरिक ॲसिड म्हणतात. अंगातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यातून हे तयार होतं. खाण्यातूनही येतं, पण थोडं. तू नुसतं भाकर-पाणी खाल्लंस तरी तुझं शरीर ते बनवणारच. ते रक्तातून मूत्रपिंडात येतं, लघवीतून जातं. बनतंय जास्त किंवा जातंय कमी, की रक्तात साठतं. फार साठलं की त्याचे बारीक खडे होतात, सुयांसारखे. ते सांध्यात बसतात. पायाचा अंगठा थंड पडणारा भाग, तिथे आधी बसतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, तीच तुझी सूज."

"म्हणजे पाय जाणार न्हाई?"

"औषध घेतलंस तर नाही. न घेता दहा वर्षं काढलीस तर सांधा खराब होईल." मग त्यांनी विचारलं, "तू पंपावर ना? हौदातलं पाणी खाली आणायचं तर उपाय किती?"

"दोन," मी म्हणालो. "येणारं पाणी अडवायचं, न्हाईतर पंप जास्त चालवायचा."

"बरोबर. इथंही दोन औषधं आहेत. एक मूत्रपिंडाला जास्त फेकायला लावतं. पण तुला मागं मुतखडा झाला होता म्हणतोस. मग त्या वाटेने जास्त माल पाठवायचा नाही, तिथेच खडे व्हायचे. दुसरं औषध शरीरात हे ॲसिड बनतंय तिथेच बनणं कमी करतं. ते तुला देतो. रोज एक. दुखो न दुखो."

ॲलोप्युरिनॉल. ते नाव तोंडात बसायला मला महिना लागला. पांढरी, लहान गोळी. सूज पूर्ण उतरून दोन आठवडे झाल्यावरच त्यांनी ती सुरू केली, तीही कमी ताकदीची. बरोबर आणखी एक गोळी, कोल्चिसिन, सुरुवातीचे काही महिने सूज येऊ नये म्हणून. तिचा डोस आपल्या मनाने वाढवलास तर पोट धरून पळशील, म्हणाले. आणि बोट उगारून एक ताकीद दिली, "अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंड आलं, तर पांढरी गोळी त्याच दिवशी बंद आणि माझ्याकडे. पण पाय दुखला म्हणून बंद करायची नाही. समजलं?"

समजलं, म्हणालो. माणूस डॉक्टरसमोर नेहमी समजलं म्हणतो.

पहिल्या आठवड्यात मी रोज आरशात पाठ पाहत होतो. दंडावर तीन लाल ठिपके दिसले तसा अर्धा मैल चालत दवाखान्यात. डॉक्टरांनी चष्मा वर केला, "ढेकूण." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कंपाउंडरच म्हणाला, "डास." तिसऱ्यांदा जायची लाज वाटली, पण गेलो. कुणी रागावलं नाही.

आणि पाचव्या आठवड्यात डावा अंगठा पेटला. डावा! जो आजवर धड होता तो.

मी डब्यातल्या गोळ्या काढल्या आणि कॉटखालच्या ट्रंकेत कपड्यांखाली टाकल्या. दोन्ही टाकल्या. माझा हिशोब साधा होता. गोळी घेतली नव्हती तेव्हा एक पाय दुखायचा, घेतली तर दुसरा दुखायला लागला. सूज उतरली. मग पुढे दुखलं की मी एक-दोन पांढऱ्या गोळ्या काढून खायचो, डोकेदुखीला खातो तशा. थांबलं की ट्रंक बंद. दवाखान्यात गेलो नाही, कारण काय सांगणार? वर्ष असंच गेलं. त्या वर्षात पाळ्या बुडत राहिल्या. पाळीवरचा मेट, म्हणजे आमच्या टोळीचा मुकादम, चांगला माणूस होता. एक दिवस तो शिडीच्या तोंडाशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असं नाई चालाचं रे. मधल्या शिडीवर पाय सुटला तं खालचेही दोघं जाईन. एक तं बरा होऊन ये, नाई तं मले वर सांगा लागेन." ज्याला मी पहिल्या दिवसापासून भीत होतो ते अखेर माझ्यापाशी येऊन उभं राहिलं होतं.

मी परत वहिनींकडे जेवायला लागलो होतो, पण त्या मला लाखोळी वाढत नव्हत्या. दादांना वाढायच्या, माझ्या ताटात तूर. न बोलता. त्या संध्याकाळी मी घास चिवडत होतो. त्या म्हणाल्या, "गोळी घेता ना?"

मी सगळं सांगितलं. ट्रंकेपर्यंत. दादा कपाळावर हात मारून हसले. वहिनी हसल्या नाहीत.

"चला," त्या म्हणाल्या, "मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच डोक्यावर पदर घेऊन दवाखान्यात आल्या आणि माझ्याआधीच डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, हे भाऊजी समजलं म्हनतात, पन ह्याइले समजत नाई. मले सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "गोळ्या बंद केल्यास?"

"डॉक्टर, गोळी घेतल्यावर दुसरा पाय दुखला."

"दुखणारच होता. ते सांगायला विसरलो असेन, किंवा तू ऐकलं नसशील." मग थोडं थांबून, "मला सांग, हौद बरेच दिवस भरलेला आहे. पंप जोरात लावून पाणी खाली आणलंस. काय होतं?"

"तळाचा गाळ ढवळतो. जाळीत येतो. पंप घरघरतो."

"मग तू म्हणतोस का, पंपामुळे गाळ झाला?"

तो गाळ पंपामुळे होत नाही, तो कितीतरी आधीपासून तिथे बसलेला असतो. पाणी उतरायला लागलं म्हणूनच तो हलतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"तुझ्या सांध्यांतही वर्षानुवर्षांचे खडे बसलेत," डॉक्टर म्हणाले. "रक्तातलं ॲसिड उतरलं की ते विरघळायला लागतात, हलतात. हलले की सूज. म्हणून तर ती दुसरी गोळी दिली होती, तीही तू ट्रंकेत टाकलीस. आणि मधूनच पांढरी खाऊन मधूनच सोडणं म्हणजे आज पंप चालू, उद्या बंद. गाळ तेवढा हलत राहतो, निघत कधीच नाही. ती दुखण्याची गोळी नाहीच मुळी. दुखणं तिला कळत नाही."

"पण डॉक्टर," मला राहवेना, "जाळीत गाळ आला की आम्ही पंप बंद करूनच जाळी साफ करतो."

ते खळखळून हसले. "इथं नाही करायचा! इथं पंप चालू ठेवून जाळी साफ करायची. सगळंच काही पंपासारखं नसतं. माझं उदाहरण एवढं ताणू नकोस."

वहिनींनी सगळ्यात शेवटी विचारलं, "अन् साहेब, लाखोरी?"

"लाखोळीचा यात काही संबंध नाही, बाई. ते पाय जाणं वेगळं, हे वेगळं. रोज ढीगभर कुणीच खाऊ नये. पण याचा अंगठा तुमच्या डाळीने नाही सुजला."

वहिनी माझ्याकडे वळल्या नाहीत. पदर नीट केला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून माझ्या गोळ्या त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या. ताटाच्या कडेला मिठाशेजारी गोळी असायची. ती पोटात गेल्याशिवाय भात वाढला जात नव्हता. सकाळी पाळीला जाताना कॅनव्हासची पाण्याची छागल भरून माझ्या खांद्याला अडकवायच्या आणि परत आलो की हातात घेऊन हलवून पाहायच्या. आत पाणी वाजलं की, "हे कोनासाठी वाचवलं?" खाली सगळे चेष्टा करायचे. "सातारकर चालला गा कोपऱ्यात!" मी दिवसातून चार वेळा जायचो. पुढे पुढे त्यांच्यातलेच एक-दोघे माझ्या छागलेला तोंड लावायला लागले.

मोहाची सोडली. कलेजी सोडणं जास्त जड गेलं. त्या वर्षी अंगठा आणखी दोनदा सुजला, पण पहिल्यासारखा नाही. गोळीची ताकद डॉक्टरांनी हळूहळू वाढवली, मधून मधून रक्त तपासलं. साडेनऊचे आठ, आठाचे सात. एक दिवस त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला, त्यावर सहाच्या खालचा आकडा होता. मी विचारलं, "आता बंद करू?"

"हौद रिकामा झाला की तू पंप विकून टाकतोस का?"

एवढ्यावर मी उठलो. उदाहरण ताणलं नाही.

मेटाने वर काही कळवलं नाही. शिडीवर अंगठ्याला विचारायची सवय मात्र जायला आणखी एक वर्ष लागलं. एका दुपारी शेवटच्या शिडीवरून खाली पाय टेकला तेव्हा लक्षात आलं, आज विचारलंच नाही.

त्याच पावसाळ्यात दादा-वहिनी रोवण्यासाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, गावी निघाले आणि मला म्हणाले, चला. भंडाऱ्याहून लाखांदूरची एसटी, पुढे तीन मैल पायी, बांधाबांधाने, चपला हातात घेऊन. ओल्या मातीत दोन्ही अंगठे रुतत होते आणि निघत होते. मला उगाचच सावकाश चालावंसं वाटत होतं. बांधीत बायका ओळीने वाकलेल्या. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी, वहिनींची सासू, ताठ उभी राहिली, हाताचा चिखल झटकला आणि डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं.

"सुने, हाच का वो तो? माह्या लाखोरीनं लंगडा झालेला?"

सगळी बांधी हसली. वहिनीसुद्धा, मी त्यांचं अन्न नाकारलं तेव्हापासून पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळ्या.

"हाच हाये मामी," त्या म्हणाल्या. "पन चालून राहिला ना आता."

म्हातारीने मला खालीवर पाहिलं. "चालते तं उतर मंग बांधीत. पेंढ्या पोचव."

संध्याकाळपर्यंत मी रोपांच्या पेंढ्या उचलून देत होतो. पाय धुऊन पंक्तीला बसलो. वहिनींनी पिशवीतून गोळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि लाखोळीचे वडे घेऊन माझ्यासमोर थांबल्या. टोपलं हातात, वाढत नव्हत्या.

"वाढा की वैनी," मी म्हणालो.

"मांगा," त्या म्हणाल्या. "तोंडानं मांगा."

मी मागितले.